वाचकांचे प्रश्न : दुरुस्ती झाली, टेस्ट कुठे आहे?

लिनक्सच्या तळाशी राहून काम करणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी, म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा), सी लायब्ररी (प्रोग्रॅमना लागणाऱ्या मूलभूत सोयींचा संग्रह), फायली हाताळणाऱ्या आज्ञा आणि सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था यांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी काही जागेअभावी संक्षेपाने देत आहोत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे न छापता गावे तेवढी दिली आहेत.

नांदेड येथून अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी लिहितो : स. न. वि. वि. एका मुक्तस्रोत साधनातील बग मी शोधला आणि सात ओळींचा पॅच (कोडमधील बदल) पाठवला. मेंटेनरनी, म्हणजे ते साधन सांभाळणाऱ्यांनी, ‘दुरुस्ती योग्य दिसते, सोबत टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे आपोआप तपासणारी छोटी स्क्रिप्ट) जोडावी’ असे लिहून तो परत केला. बग गेलेला आहे हे त्यांनाही मान्य आहे. मग टेस्टसाठी आणखी दोन दिवस का घालवायचे? नवख्याला दमवण्याची ही रीत तर नव्हे?

उत्तर : तुमच्या पत्रासोबतचा बदल मी वाचला. मूळ कोड सेटिंगच्या फाइलमधील प्रत्येक ओळीचे शेवटचे अक्षर हे नव्या ओळीचे चिन्हच असणार असे गृहीत धरून ते खोडत होता, आणि त्यामुळे फाइलची अखेरची ओळ त्या चिन्हाशिवाय संपली की ८०८० हा पोर्टचा क्रमांक प्रोग्रॅमला ८०८ असा दिसत होता. तुमची दुरुस्ती बरोबर आहे. मात्र पुढच्या वर्षी कोणी हा भाग नव्याने लिहिला आणि तीच चूक पुन्हा केली, तर ती कोणाच्या लक्षात येणार? तुम्ही तेव्हा नोकरीला लागलेले असाल.

मृगाच्या तोंडावर आपल्याकडे घरच्या सोयाबीनची उगवण चाचणी करतात. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, आठवडाभराने कोंब मोजायचे, सत्तर किंवा त्याहून अधिक उगवले तर नेहमीच्या प्रमाणात पेरायचे. समजा त्याच गोणपाटात कोणी भाजलेले दाणे ठेवले आणि मोजणाऱ्याने तरीही ‘ऐंशी उगवले’ असे सांगितले, तर बियाणे बाजूला ठेवून आधी मोजणाऱ्याकडे पाहावे लागते. टेस्टलाही असे भाजलेले दाणे एकदा द्यावे लागतात. आपली दुरुस्ती काढून ठेवून जुन्या कोडवर ती चालवायची, ती नापास होते हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे, आणि मगच दुरुस्ती परत लावायची.

तुमच्या बाबतीत ही पायरी गाळणे विशेष महागात पडेल. अशी टेस्ट लिहिताना बहुतेक जण ‘एको’ या आज्ञेने नमुन्याची फाइल तयार करतात, आणि एको ओळीच्या शेवटी नव्या ओळीचे चिन्ह स्वतःहून घालते. नॅनो आणि व्हिम हे संपादकही सामान्यतः तेच करतात. म्हणजे ज्या स्थितीत बग उद्भवतो ती स्थिती टेस्टमध्ये कधी येतच नाही, आणि टेस्ट जुन्या कोडवरही निमूटपणे पास होते. मी स्वतः अनेक वर्षांपूर्वी नेमके हेच केले होते. टेस्ट हिरवी, म्हणजे पास, होती, पॅच स्वीकारला गेला, आणि पुढे तोच बग परत आला तेव्हाही टेस्ट हिरवीच राहिली. अशा जागी ‘प्रिंटएफ’ वापरावे, कारण ते सांगितले तेवढेच लिहिते, आणि तयार झालेल्या फाइलचे शेवटचे बाइट ते दाखवणाऱ्या ‘ओडी’ या आज्ञेने एकदा पाहून घ्यावेत.

अशी टेस्ट हाती आली की तिचा दुसराही उपयोग होतो. बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटच्या ‘गिट बायसेक्ट रन’ या आज्ञेला ती दिली असता हजार कमिटमधून (नोंदवलेल्या बदलांतून) बग आणणारे कमिट सुमारे दहा फेऱ्यांत सापडते. टेस्टच्या स्क्रिप्टने शून्य परत केले तर ते कमिट चांगले, एक परत केले तर बिघडलेले, आणि त्या टप्प्यावर प्रोग्रॅम बांधलाच जात नसेल तर १२५ परत करावे, म्हणजे ते कमिट वगळले जाते. कर्नलमध्ये तर बग कोणत्या कमिटमुळे आला हे ‘फिक्सेस’ या ओळीत, त्या कमिटच्या हॅशची (ओळखखुणेची) पहिली १२ अक्षरे आणि शीर्षक देऊन, लिहिण्याची पद्धत आहे. दोन दिवस खर्च होतील हे खरे. त्यांपैकी दीड दिवस टेस्टची व्यवस्था समजून घेण्यात जाईल, आणि तो तुम्हाला पुढच्या प्रत्येक पॅचला पुरेल.

लातूरच्या एका वसतिगृहातून एक विद्यार्थिनी लिहिते : लॉग वाचणाऱ्या एका साधनाच्या सर्व टेस्ट प्रकल्पाच्या सर्व्हरवर पास होतात, माझ्या लॅपटॉपवर मात्र वेळेसंबंधीच्या दोन टेस्ट नापास होतात. मैत्रीण म्हणते की लॅपटॉपचे घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) लाव, प्रश्न मिटेल. तसे केल्यावर त्या खरोखरच पास झाल्या. आता काही करायचे उरले आहे काय?

उत्तर : खरे काम आता सुरू होते. टेस्ट चालवणारे सर्व्हर बहुधा यूटीसीवर असतात, त्यामुळे वेळेच्या गणितातील चुका तेथे दिसत नाहीत. तुमच्या वसतिगृहातला लॅपटॉप साडेपाच तास पुढे आहे, म्हणून त्या तुम्हाला दिसल्या. युनिक्सची कालगणना १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून सुरू होते; तो शून्यावा सेकंद भारतात सकाळी ५:३० ला पडतो. पहिली टेस्ट तेथे ‘००:००’ छापले जावे अशी अपेक्षा ठेवते आणि कोणता टाइम झोन ते सांगत नाही. येथे प्रोग्रॅम निर्दोष आहे, चूक टेस्टची आहे. टेस्टच्या आत ‘टीझेड’ हे चल स्पष्टपणे ठरवून द्यावे, म्हणजे काम झाले.

दुसरी टेस्ट अधिक बोलकी आहे. तुम्ही पाठवलेल्या निकालात अपेक्षित ‘+०५:३०’ आणि प्रत्यक्षात ‘+०५:००’ असे दिसते. प्रोग्रॅम यूटीसीपासूनचा फरक सेकंदांत घेतो, ३६०० ने भागतो आणि बाकी टाकून देतो. हा प्रोग्रॅममधला बग आहे, आणि घड्याळ यूटीसीवर लावून तो झाकला गेला एवढेच झाले. दुरुस्ती करताना उरलेली मिनिटे जोडली की संपले असे मात्र समजू नका. कॅनडातील सेंट जॉन्स हिवाळ्यात यूटीसीच्या साडेतीन तास मागे असते, म्हणजे फरक उणे १२६०० सेकंद. सी भाषेत त्याला ३६०० ने भागले असता उणे ३ येतात आणि बाकीही उणेच राहते, त्यामुळे बेसावधपणे छापल्यास ‘-०३:-३०’ असा विचित्र निकाल मिळतो. त्याहून अवघड जागा लायबेरियाची राजधानी मोनरोव्हिया. जानेवारी १९७२ पर्यंत तेथील घड्याळ यूटीसीच्या ४४ मिनिटे ३० सेकंद मागे होते. तासांचा भागाकार शून्य येतो, शून्याला उणे चिन्ह नसते, आणि मागे असलेले शहर पुढे सरकते. म्हणून चिन्ह आधी वेगळे काढावे आणि नंतर भागाकार करावा. कोलकाता, काठमांडू, सेंट जॉन्स आणि १९७० मधील मोनरोव्हिया अशा चार टेस्ट जोडल्या तर हा भाग बराच पक्का होईल.

एक सावधगिरी सांगतो. ज्या यंत्रावर टाइम झोनची माहिती असलेले पॅकेज बसवलेले नसते, तेथे ‘एशिया/कोलकाता’ असे नाव दिले तरी सी लायब्ररी तक्रार न करता यूटीसी धरते. कंटेनरमध्ये, म्हणजे मोजक्याच फायली असलेल्या बंदिस्त वातावरणात, असे वारंवार घडते. तेथे ‘आयएसटी-५:३०’ ही पॉसिक्स (युनिक्ससारख्या प्रणालींचे मानक) पद्धतीची लेखनशैली चालते. तिच्यात पूर्वेकडील झोनला उणे चिन्ह लागते, आपल्या नेहमीच्या लेखनाच्या नेमके उलट. या उलट्या चिन्हाने कित्येक अनुभवी लोकांना फसवले आहे. मोनरोव्हियासाठी मात्र जुन्या नोंदी लागतात, तेव्हा पॅकेज नसेल तर ती टेस्ट वगळली असे स्पष्ट छापून पुढे जावे.

उदगीर येथील एक शिक्षक लिहितात : शाळेतील संगणकांवर लिनक्स आहे. विद्यार्थ्यांच्या याद्या मी स्क्रिप्टने तयार करतो. लांब नाव ठरावीक रुंदीत कापले गेले की शेवटी काळ्या चौकोनातील प्रश्नचिन्ह येते. शिवाय एका फोल्डरमध्ये ‘शेतकऱ्यांची मुले’ याच नावाच्या दोन फायली दिसतात, जे अशक्य असायला हवे. ही तक्रार कोणाकडे करावी? आम्हाला प्रोग्रॅमिंग येत नाही.

उत्तर : आपण विचारलेल्या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि दोन्ही कळवण्याजोग्या आहेत.

यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘मराठवाडा’ हा शब्द घ्या. डोळ्यांना त्यात पाच अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबात काना वेगळा मोजला जात असल्याने ती आठ चिन्हे होतात. आणि डिस्कवर ते २४ बाइट असतात. ‘डब्ल्यूसी’ या आज्ञेला बाइट विचारले तर २४ आणि चिन्हे विचारली तर ८ असे उत्तर मिळते. आपल्या स्क्रिप्टमधील ‘कट’ या आज्ञेचा ‘सी’ हा पर्याय नावाने अक्षरांचा असला, तरी लिनक्सवर सामान्यतः असणाऱ्या ग्नू प्रकल्पाच्या आवृत्तीत तो दीर्घकाळ बाइटच मोजत आला आहे. दहा बाइटांवर कापले की तीन चिन्हे पूर्ण येतात आणि चौथ्याचा एकच बाइट उरतो. तो एकटा बाइट म्हणजे आपल्याला दिसणारे प्रश्नचिन्ह. बाइटांऐवजी चिन्हांवर कापणे हीही अर्धीच दुरुस्ती होय, कारण दोन चिन्हांवर कापल्यास ‘मराठवाडा’चे ‘मर’ होते, आणि हे यादीत छापून भिंतीवर लावणे कोणत्याही शाळेला परवडणार नाही. कापायचे ते पूर्ण अक्षराच्या सीमेवर. त्यासाठीच्या युनिकोडच्या नियमांत देवनागरी जोडाक्षरे अखंड ठेवणारा नियम २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत आला; त्याआधीच्या नियमांप्रमाणे ‘क्ष’ हे एक अक्षर न धरता त्याचे ‘क्’ आणि ‘ष’ असे तुकडे करता येत होते. त्यामुळे ‘क्षीरसागर’ या आडनावाची टेस्ट जुन्या लायब्ररीवर नापास आणि नव्यावर पास होऊ शकते, आणि टेस्ट लिहिणाऱ्याने लायब्ररीची किमान आवृत्ती नोंदवणे आवश्यक ठरते.

दोन फायलींचे कोडे मराठीचे खास आहे. ‘शेतकऱ्यांची’ मधील ‘ऱ’ दोन प्रकारे साठवता येतो : एकच चिन्ह म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता (टिंब) म्हणून. बहुतेक फॉन्टमध्ये दोन्ही सारखेच दिसतात. लिनक्सच्या फाइलप्रणाली सामान्यतः नावाकडे बाइटांची रांग म्हणून पाहतात, तेव्हा ३ बाइटांचा ‘ऱ’ आणि ६ बाइटांचा ‘ऱ’ ही त्यांच्या दृष्टीने वेगळी नावे होत. हा फाइलप्रणालीचा दोष मानला जात नाही. मात्र शोध घेणारा प्रोग्रॅम एक नाव टंकले असता दुसरे दाखवत नसेल, तर तो त्या प्रोग्रॅमचा बग आहे आणि तेथे तक्रार योग्य ठरते. नावाच्या लांबीची मर्यादाही ध्यानात असू द्या. ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइलप्रणालीत एका नावाला २५५ बाइट मिळतात, म्हणजे देवनागरीत ८५ चिन्हे. एखादे साधन लांब मराठी नाव २५५ बाइटांवर मुकाट्याने छाटत असेल, तर ८५ आणि ८६ चिन्हांची दोन नावे देऊन ते दाखवून देता येते.

प्रोग्रॅमिंग येत नाही म्हणून संकोच करू नये. दिलेली आज्ञा, मिळालेला निकाल, अपेक्षित निकाल आणि साधनाची आवृत्ती एवढे नेमके लिहून पाठवणारा वापरकर्ता मेंटेनरला पॅच पाठवणाऱ्याइतकाच हवा असतो. मराठी मजकूर चित्र म्हणून न पाठवता मजकूर म्हणूनच जोडावा, शक्य तर फाइलसह. चित्रातून बाइट कळत नाहीत.

परभणी : एका सेवेची टेस्ट माझ्या जुन्या संगणकावर वीस वेळांत एकदा नापास होते. टेस्टमध्ये ‘स्लीप १’ आहे. ‘स्लीप ५’ केले तर पॅच म्हणून पाठवता येईल का?

उत्तर : पाठवू नये. सेवा सुरू होण्यास एक सेकंद पुरेल हा मूळ लेखकाचा अंदाज होता, पाच हा तुमचा अंदाज ठरेल, आणि याहून मंद यंत्र कुठे तरी असतेच. टेस्टने घड्याळाची वाट न पाहता घटनेची वाट पाहावी : सॉकेट (सेवेशी जोडणीचे दार) उघडले काय, फाइल निर्माण झाली काय, हे थोड्या थोड्या वेळाने तपासावे आणि तीस सेकंदांसारखी सैल मुदत उलटली तरच नापास ठरवावे. सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीखाली चालणारी सेवा ‘रेडी=१’ असा निरोप देऊन आपण सिद्ध झाल्याचे कळवू शकते; तुमच्या सेवेत ती सोय नसेल, तर ती जोडणे हाच खरा पॅच होईल. वीसात एकदा येणारा दोष गेला हे ठरवायला दहा यशस्वी फेऱ्या अपुऱ्या आहेत. दोष तसाच असतानाही सलग साठ फेऱ्या पास होण्याची शक्यता सुमारे पाच टक्के उरते, शंभर फेऱ्यांनंतर ती हजारात सहाच्या आसपास येते. रात्री संगणकावर दुसरा भार टाकून दोनशे फेऱ्या लावाव्यात आणि सकाळी पाहावे.

जालना : पॅच पाठवून तीन आठवडे झाले, उत्तर नाही. रागावले असतील काय?

उत्तर : कामात असतील. एक विनम्र स्मरणपत्र त्याच धाग्यात, म्हणजे मूळ पत्राला उत्तर म्हणून, पाठवावे, नवीन धागा सुरू करू नये.

छत्रपती संभाजीनगर येथून एका कंपनीत काम करणारे वाचक लिहितात : बिघडलेली संकुचित फाइल उघडताना एक साधन कोसळते. ती फाइल टेस्ट म्हणून जोडली, तर मेंटेनरनी बायनरी फाइल घेण्यास नकार दिला. फाइल निरुपद्रवी आहे. एवढा अविश्वास का?

उत्तर : मार्च २०२४ नंतर हा प्रश्न पडू नये असे मी म्हणेन, पण सांगतो. एक्सझेड या संकुचन साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट दडवलेली होती, आणि ती दडवण्यासाठी निवडलेली जागा टेस्टच्या फायली हीच होती. बिघडलेल्या संकुचित फायलींचे नमुने म्हणून ठेवलेल्या त्या फायलींतून, प्रकाशित गठ्ठ्यातील बांधणीची स्क्रिप्ट घातक कोड बाहेर काढत असे. बिघडलेली फाइल वाचून पाहण्याचा प्रयत्न कोण करणार? एसएसएचने दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आणि स्मृतीच्या चुका शोधणारे व्हॅलग्राइंड विनाकारण तक्रारी करते, एवढ्यावरून पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसचे विकसक आंद्रेस फ्रॉइंड यांनी माग काढला आणि २९ मार्चला तो जाहीर केला. तेव्हा आपल्या फाइलऐवजी ती फाइल निर्माण करणारी लहान स्क्रिप्ट पाठवावी : चांगली फाइल तयार करावी, अमुक क्रमांकाचा बाइट बदलावा, हे वाचणाऱ्याला दिसू द्यावे. बहुतेक वेळा वीस ओळींत होते, आणि नेमका कोणता बाइट घात करतो हे शोधताना बगचे मूळही हाती लागते.

सेलू येथील एक वाचक : माझ्या लॅपटॉपची बॅटरी गेलेली आहे आणि भारनियमनात तो अचानक बंद पडतो. एकदा असे झाल्यावर एका प्रोग्रॅमची सेटिंगची फाइल शून्य बाइटची झाली. हे बग म्हणून कळवले तर ‘तुमच्याकडची वीज गेली त्याला आम्ही काय करणार’ असे म्हणतील काय?

उत्तर : म्हणू नये, आणि जाणकार मेंटेनर म्हणणारही नाही. प्रोग्रॅम जुनी फाइल रिकामी करून तिच्यातच नवा मजकूर लिहीत असेल, तर रिकामी करणे आणि लिहिणे यांच्या मधल्या क्षणी वीज गेल्यास दोन्ही मजकूर हातचे जातात. योग्य क्रम असा : त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने नवी फाइल लिहायची, ‘एफसिंक’ करून ती डिस्कवर पोचल्याची खात्री करायची, आणि त्यानंतर ‘रिनेम’ने ती जुन्या नावावर आणायची. मधला एफसिंक अनेक जण गाळतात. २००९ मध्ये ईएक्सटी४ नवी असताना याच कारणाने शून्य बाइटच्या फायलींच्या तक्रारींचा मोठा वाद झाला. पुढे कर्नलच्या २.६.३० या आवृत्तीत फाइलप्रणालीनेच काही नेहमीच्या चुकांना सांभाळून घेतले, पण त्यावर विसंबून राहावे असे नाही.

आपला प्रोग्रॅम काय करतो हे पाहणे सोपे आहे. प्रोग्रॅमने कर्नलला केलेली प्रत्येक विनंती नोंदवणाऱ्या ‘एसट्रेस’ (strace) या साधनाखाली तो चालवावा, एखादी सेटिंग बदलून जतन करावी, आणि नोंदीत त्या फाइलचे नाव शोधावे. ओपनच्या ओळीत ‘ओ_ट्रंक’ (फाइल रिकामी करून उघडण्याची खूण) दिसले आणि रिनेम कुठेच दिसले नाही, तर आपला संशय खरा आहे. ती सात-आठ ओळींची नोंद तशीच तक्रारीला जोडावी. टेस्टसाठी प्रत्येक वेळी प्लग ओढण्याची गरज नाही, आणि ‘किल -९’नेही काम होत नाही, कारण प्रोग्रॅम मेला तरी त्याने लिहिलेला मजकूर कर्नलच्या स्मृतीत जिवंत असतो आणि यथावकाश डिस्कवर जातोच. क्यूईएमयूमध्ये आभासी यंत्र चालवून ते संपूर्ण यंत्रच मारावे लागते, किंवा डिस्कने लिखाण हरवल्याचे सोंग आणणारे ‘डीएम-फ्लेकी’ हे कर्नलचे साधन वापरावे लागते. चार जीबी स्मृतीच्या लॅपटॉपवरही लहान आभासी यंत्र चालते.

तक्रारीत फाइलप्रणाली आणि कर्नलची आवृत्ती लिहावी. जतन केल्यानंतर किती सेकंदांनी वीज गेली हे आठवत असेल तर तेही लिहावे. ईएक्सटी४ आपली नोंदवही सामान्यतः दर ५ सेकंदांनी डिस्कवर उतरवते, तर नुसता लिहिलेला मजकूर स्मृतीत सुमारे ३० सेकंद पडून राहू शकतो, आणि आपला आकडा या दोहोंच्या मध्ये पडत असेल तर मेंटेनरला शोध कुठून सुरू करायचा ते लगेच कळेल.